कॉन्स्ट आणि स्टॅटिक: रस्टमधील स्थिरांक व ग्लोबल व्हेरिएबल

रस्ट या सिस्टिम प्रोग्रॅमिंग भाषेत एखादी गोष्ट फंक्शनच्या बाहेर, सगळ्या प्रोग्रॅमला दिसेल अशी ठेवायची तर कॉन्स्ट आणि स्टॅटिक असे दोन शब्द आहेत. दोन्हींची मांडणी सारखीच: नाव, अपूर्णविराम, टाइप, बरोबरचे चिन्ह आणि मूल्य. टाइप दोन्हीकडे लिहावाच लागतो आणि मूल्य कंपाइल होतानाच ठरावे लागते. त्यामुळे नवीन माणूस दोन्हींपैकी कोणताही शब्द उचलतो आणि बऱ्याचदा काम भागतेही. फरक मात्र मुळातला आहे. कॉन्स्ट हे मूल्याचे नाव आहे, तर स्टॅटिक हे मेमरीतल्या जागेचे. पुढचे जवळजवळ सगळे नियम यातूनच निघतात. २०१४ पर्यंत दोन्ही कामे एकट्या स्टॅटिककडे होती. मे २०१५ मध्ये आवृत्ती १.० आली, त्याच्या आधीच ती वेगळी केली गेली, आणि ते योग्यच झाले.

कॉन्स्ट

कॉन्स्टचे नाव कोडमध्ये जिथे जिथे येते तिथे ते मूल्य नव्याने मांडले जाते. त्याला स्वतःचा ठरावीक पत्ता नसतो. एकाच कॉन्स्टचे दोन ठिकाणी रेफरन्स घेतले तर पत्ते एकच निघतील की वेगळे, याची हमी नाही. म्हणून कॉन्स्टच्या पॉइंटरची तुलना कधी करू नये. याच्या बदल्यात अशा जागा मिळतात जिथे नुसते मूल्य हवे असते: ॲरेची लांबी, मॅचमधला (मूल्य पाहून फांदी निवडणाऱ्या रचनेतला) पॅटर्न, ट्रेटमधला (अनेक टाइपनी पाळायच्या करारातला) स्थिरांक (आवृत्ती १.२० पासून). पॅटर्नमध्ये स्टॅटिक चालत नाही, ई०५३० या क्रमांकाची चूक कंपायलर दाखवतो.

पॅटर्नमध्ये एक धोका आहे. कॉन्स्ट दुसऱ्या मॉड्यूलमध्ये असेल आणि इम्पोर्ट करायचा राहिला, तर मॅचमधले ते नाव नवे व्हेरिएबल ठरते आणि येईल ते मूल्य त्यात बसते. खालच्या फांद्यांपर्यंत गाडी पोचतच नाही. कंपायलर इशारे देतो: पॅटर्नपर्यंत पोचता येत नाही, व्हेरिएबल वापरले नाही, नाव छोट्या लिपीत नाही. हे इशारे दुर्लक्षून चालत नाही. आवृत्ती १.५३ पासून नावे देवनागरीतही देता येतात, म्हणजे ‘मर्यादा’ नावाचा कॉन्स्ट चालतो. पण देवनागरीत मोठी-छोटी लिपी नसल्याने यातला तिसरा इशारा येत नाही. मराठीत नावे देणाऱ्याने इथे जास्त डोळे उघडे ठेवावेत.

सगळ्यात फसवी चूक मोजणीत होते. समजा सर्व्हरवर आलेल्या विनंत्या मोजायच्या आहेत. कोणी ‘मोजणी’ हा ॲटॉमिकयूसाइझ (अनेक थ्रेडना, म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांना, सुरक्षितपणे बदलता येणारा पूर्णांक) टाइपचा कॉन्स्ट शून्यावर ठेवला आणि दर विनंतीला फेच-ॲड करून एक वाढवला. प्रोग्रॅम कंपाइल होतो, चालतो. हजार विनंत्यांनंतर मोजणी वाचली तर उत्तर शून्य. कारण प्रत्येक वेळी ‘मोजणी’ लिहिले की नवे कोरे शून्य तयार होते, ते एक होते आणि ते वाक्य संपताच टाकून दिले जाते. वाचतानाही पुन्हा नवे शून्यच समोर येते. कॉन्स्ट हा शब्द खोडून स्टॅटिक लिहिले की तोच कोड बरोबर मोजतो. क्लिपी हे तपासणीचे साधन अशा कॉन्स्टवर बोट ठेवते; ते रोजच्या बिल्डमध्ये असावे.

मोठ्या तक्त्यांसाठीही कॉन्स्ट नको. मोठा ॲरे कॉन्स्ट केला आणि चालत्या प्रोग्रॅममध्ये इंडेक्स लावून वाचला, तर विशेषतः डीबग बिल्डमध्ये अख्ख्या ॲरेची प्रत स्टॅकवर (चालू फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीवर) येऊ शकते. काही किलोबाइट स्टॅक असलेल्या मायक्रोकंट्रोलरवर हे जिवावर बेतते. डेटातली चूक पकडणाऱ्या सीआरसी-३२ या पद्धतीचा तक्ता घ्या: २५६ नोंदी, प्रत्येकी ४ बाइट, एकूण १,०२४ बाइट. तो कॉन्स्ट फंक्शनने कंपाइलवेळीच भरून घ्यावा आणि स्टॅटिकमध्ये ठेवावा. मग तो बायनरीच्या फक्त-वाचनाच्या भागात एकदाच बसतो. कॉन्स्ट फंक्शनमध्ये फॉर लूप चालत नाही, व्हाइल वापरावा लागतो.

स्टॅटिक

स्टॅटिकची जागा एकच, पत्ता प्रोग्रॅम संपेपर्यंत तोच. कोणताही थ्रेड तिथे पोचू शकतो, म्हणून त्याचा टाइप सिंक (अनेक थ्रेडनी एकदम वापरायला सुरक्षित) असावा लागतो. सेल किंवा रेफसेल हे तसे नसलेले टाइप ठेवायला गेले तर ई०२७७ ही चूक मिळते.

स्टॅटिकवर ड्रॉप (मूल्य संपताना होणारी आवराआवर) कधीच चालत नाही, आणि याची किंमत लॉग लिहिताना कळते. बफरायटर (ओळी आधी मेमरीतल्या बफरमध्ये साठवून मग लिहिणारा टाइप) स्टॅटिकमध्ये ठेवला तर प्रोग्रॅम संपताना बफरमध्ये उरलेल्या शेवटच्या ओळी फाइलमध्ये जात नाहीत. मेन संपण्याआधी फ्लश (उरलेले लिहून टाकणे) स्वतःच करावे लागते.

स्टॅटिक म्यूट म्हणजे सी भाषेतल्यासारखे उघडे ग्लोबल व्हेरिएबल. ते वाचायलाही अनसेफ ब्लॉक लागतो, नाहीतर ई०१३३. दोन थ्रेडनी त्यात लाख-लाख वेळा एक मिळवला, तर शेवटी दोन लाख होतीलच असे नाही: एक मिळवणे म्हणजे मेमरीतून आणणे, वाढवणे आणि परत ठेवणे, आणि दोघांनी एकच जुने मूल्य आणले की एक वाढ हरवते. रस्टच्या नियमांनुसार ही डेटा रेस आहे, म्हणजे नुसते चुकीचे उत्तर नव्हे तर अव्याख्यात वर्तन, काहीही घडू शकते. थ्रेड एकच असला तरी सुटका नाही. एकाच जागेचे दोन म्यूटेबल रेफरन्स एकाच वेळी जिवंत असले तरी तोच दोष, कारण ऑप्टिमायझर त्यातला प्रत्येक रेफरन्स एकमेव आहे असे धरूनच कोड बनवतो. २०२४ एडिशनमध्ये (आवृत्ती १.८५) असा रेफरन्स घेणे मूळ सेटिंगमध्ये अडवले जाते. नव्या कोडमध्ये स्टॅटिक म्यूट लिहायला सबळ कारण हवे. ‘थोडक्यात होते’ हे कारण नाही.

त्याऐवजी काय, हे गरजेवरून ठरते. नुसती मोजणी किंवा हो-नाही असेल तर ॲटॉमिक टाइप. यादी किंवा अनेक भागांची रचना असेल तर म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे लॉक), आवृत्ती १.६३ पासून तो थेट स्टॅटिकमध्ये मांडता येतो. सुरुवातीला एकदाच भरायची सेटिंग असेल तर वन्सलॉक (१.७०). पहिल्या वापराच्या वेळी मूल्य काढायचे असेल तर लेझीलॉक (१.८०), आधी यासाठी लेझी-स्टॅटिक हे क्रेट (बाहेरची लायब्ररी) लागे. स्ट्रिंग-फ्रॉमसारखे कॉन्स्ट नसलेले फंक्शन स्टॅटिकमध्ये थेट बोलावले की ई००१५ येते, तेव्हा इलाज बहुधा लेझीलॉकच. म्यूटेक्सबाबत एवढे जपावे की इफ-लेटच्या ओळीतच लॉक घेतले तर ते आतला ब्लॉक संपेपर्यंत सुटत नाही. त्या ब्लॉकमध्ये तेच लॉक पुन्हा मागितले तर प्रोग्रॅम अडकून बसतो किंवा पॅनिक होतो (चूक दाखवून थांबतो). हवे ते मूल्य आधी वेगळ्या लेट वाक्यात काढून घ्यावे आणि मगच इफ लिहावा.

जेनेरिक (अनेक टाइपसाठी एकदाच लिहिलेल्या) फंक्शनच्या आत मांडलेला स्टॅटिक सगळ्या टाइपसाठी मिळून एकच असतो. प्रत्येक टाइपची वेगळी मोजणी त्यात ठेवता येत नाही.