जुना छोटा फिल्म कॅमेरा घेताना आधी दशक पाहावं

वापरलेला छोटा फिल्म कॅमेरा घ्यायचं ठरलं की चर्चा लगेच कंपनीवर जाते. ऑलिम्पस घ्यावा, कॅनन घ्यावा, की यशिका? मला विचाराल तर कंपनीच्या आधी कॅमेऱ्याचं जन्मवर्ष पाहावं. एकाच कंपनीचे १९६८ आणि १९९८ चे कॅमेरे शेजारी ठेवले, तर दोन्हींत जाणारा रोल तोच असतो, बाकी जवळपास काहीच सारखं नसतं. दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी बंद पडतात आणि बहुतेकदा त्यांतला जुनाच दुरुस्त होतो.

दोन्हींत तोच रोल जातो, हीसुद्धा साधी गोष्ट नाही. जर्मनीतल्या वेत्सलार गावी लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बर्नाक यांनी १९१३-१४ च्या सुमारास सिनेमाची ३५ मिमी फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा बनवला. सिनेमाची १८ × २४ मिमीची चौकट दुप्पट करून त्यांनी २४ × ३६ मिमी केली, आणि १९२५ मध्ये हा कॅमेरा लायका या नावाने बाजारात आला. १९३४ मध्ये कोडॅकने उजेडात भरता येईल असा तयार रोल आणला. तोच आपला १३५ रोल. गंमत अशी की पुढे कोडॅकनेच त्याला पर्याय उभे केले: १९६३ मध्ये १२६, १९७२ मध्ये ११०, १९८२ मध्ये डिस्क आणि १९९६ मध्ये इतर कंपन्यांबरोबर एपीएस. दर वेळी सांगणं हेच, की भरायला सोपं आणि कॅमेरा लहान. टिकला मात्र जुना १३५ च. एपीएसची फिल्म आता कोणी बनवत नाही. त्यामुळे १९९६ चा पहिला कॅनन इक्सस कितीही देखणा दिसला आणि कितीही स्वस्त मिळाला, तरी तो मोह टाळावा. हा सल्ला देताना मला वाईट वाटतं, कारण त्या कॅमेऱ्याची घडण खरोखर सुंदर आहे.

कॅमेरा खिशात शिरला तो १९६० च्या आगेमागे. जपानमध्ये ऑलिम्पसचे तरुण अभियंते योशिहिसा माइतानी यांनी १९५९ मध्ये पेन बनवला. फिल्मची चौकट अर्धी केल्यामुळे ३६ च्या रोलवर ७२ फोटो निघत, आणि लेन्सही लहान चालत असे. जर्मनीत हाइन्झ वास्के यांनी पूर्ण चौकट ठेवूनच कॅमेरा आक्रसवला. १९६६ मध्ये आलेल्या त्यांच्या रोलाय ३५ ची लेन्स वापरून झाली की आत ढकलायची, फ्लॅशची जागा तळाशी, आणि अंतर डोळ्यांनी अंदाजून लेन्सवर लावायचं. हा कॅमेरा हातात घेतला की जागेचा एकेक मिलिमीटर कसा मिळवला आहे ते जाणवतं. घेणाऱ्याने एक लक्षात ठेवावं: शटर (फिल्मवर क्षणभर उजेड सोडणारी झडप) पुढच्या फोटोसाठी चढवलेलं नसेल तर लेन्स आत जात नाही. ती जोर लावून दाबणारे मालक या कॅमेऱ्यांना भरपूर भेटलेले असतात, म्हणून लेन्स बाहेर काढणं आणि आत घालणं समोर करून दाखवायला सांगावं.

या पिढीतला खरा नाजूक भाग म्हणजे उजेड मोजणारा मीटर. सुरुवातीला सेलेनियमचा सेल असे. त्यावर उजेड पडला की वीज तयार होते, म्हणून बॅटरी लागतच नाही. १९६७ मध्ये आलेला ऑलिम्पस ट्रिप ३५ याच तत्त्वावर १९८४ पर्यंत बनत राहिला. लेन्सभोवतीचं खडबडीत कडं म्हणजे तो सेल. शटरचे वेग दोनच, १/४० आणि १/२०० सेकंद, आणि उजेड कमी पडला तर खिडकीत लाल झेंडी येऊन बटण अडतं. याची तपासणी सोपी आहे. लख्ख उजेडातही झेंडी आली तर सेल गेलेला असण्याची शक्यता मोठी. लेन्स हाताने झाकल्यावरही झेंडी आली नाही तर आतली यंत्रणा अडकली आहे. मात्र झेंडी योग्य वेळी येते एवढ्याने मीटर अचूक ठरत नाही. ओल शिरली की सेलेनियम हळूहळू क्षीण होतं, म्हणून दुसऱ्या मीटरशी ताडून पाहणं बरं.

सेलेनियमनंतर आले कॅडमियम सल्फाइडचे मीटर. ते मंद उजेडातही चालत, पण त्यांना बॅटरी हवी. त्या काळी ती पाऱ्याची असे. पाऱ्याच्या सेलचा गुण असा, की तो संपेपर्यंत जवळपास १.३५ व्होल्टच देत राही. इतका भरवशाचा सेल हाताशी असताना व्होल्टेज सांभाळणारे जादा भाग कशाला घाला, असा विचार अनेक आरेखकांनी केला, आणि त्या काळात तो चुकीचा नव्हता. रोलाय ३५ आणि १९७२ चा कॅननचा कॅननेट क्यूएल१७ जीIII याच सेलच्या भरवशावर बनलेले. पुढे पाऱ्याच्या विषारीपणामुळे अशा बॅटऱ्यांवर बंधनं आली. अमेरिकेत १९९६ मध्ये तसा कायदा झाला. आज त्याच मापाचा अल्कलाइन सेल घातला तर तो १.५ व्होल्टपासून सुरू होऊन घसरत जातो. मग उजेड आहे त्याहून जास्त आहे असं मीटरला वाटतं आणि फोटो काळवंडतो. घेणाऱ्याला वाटतं कॅमेरा बिघडला, खरं तर चूक सेलची. श्रवणयंत्रात वापरतात तो झिंक-एअर सेल १.४ व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो, आणि तेवढ्याने बहुतेकांचं भागतं. शिवाय या दोन्ही कॅमेऱ्यांचं शटर निव्वळ यांत्रिक आहे. मीटर पूर्ण मेला तरी फोटो निघतो.

माझा कल या पिढीकडे आहे तो याच कारणाने. दाराच्या कडेचा फोम कुजून चिकट झालेला असतो, शटरच्या पात्यांवर तेल आलेलं असतं, वेग मंदावलेले असतात. पण हे सगळं धीराच्या माणसाला उघडून साफ करता येतं, आणि फोम तर घरीही बदलता येतो.

१९७० च्या दशकात एकेक निर्णय फोटो काढणाऱ्याकडून कॅमेऱ्याकडे गेला. कोनिकाने १९७५ मध्ये सी३५ ईएफच्या अंगातच फ्लॅश बसवला, आणि १९७७ मध्ये सी३५ एएफ आणला. मोठ्या प्रमाणावर बनलेला हा पहिला ऑटोफोकस कॅमेरा. त्याचा फोकसचा भाग अमेरिकेतल्या हनीवेलचा होता. १९७९ मध्ये कॅननच्या एएफ३५एमने इन्फ्रारेड किरणांनी अंतर मोजलं आणि फिल्म सरकवायला मोटर लावली. त्याच वर्षी माइतानींनी ऑलिम्पस एक्सए काढला. सरकत्या झाकणाचा, फोकस अजून हातानेच करायचा. दोन पिढ्यांच्या सीमेवरचा हा कॅमेरा मला फार आवडतो: शटर इलेक्ट्रॉनिक, पण मोटर नाही, आणि लागणारे छोटे बटण-सेल आजही सहज मिळतात.

१९८३ मध्ये रोलच्या डबीवर डीएक्स पट्टे आले आणि फिल्मचा वेगही (तिला किती उजेड पुरतो ते सांगणारा आयएसओ आकडा) कॅमेराच वाचू लागला. सोय मोठी, पण आज कोणी मोठ्या रिळातून स्वतः रोल भरत असेल तर पट्टे नसलेली डबी आत गेल्यावर बरेच कॅमेरे आयएसओ १०० धरून बसतात, आणि ते बदलायला बटण नसतं. १९८६ च्या पेंटॅक्स झूम ७० नंतर झूमची शर्यत लागली. लेन्स लांबत गेली तसं छिद्र लहान होत गेलं, शेवटी एफ/१० च्या आसपास (हा आकडा जितका मोठा, तितका आत उजेड कमी). हे झूमवाले आज सर्वांत स्वस्त मिळतात. भर उन्हात ते चांगलंच काम देतात. ढगाळ दिवशी ४०० चा रोल घालूनही फ्लॅश उडतोच.

१९९० चं दशक वेगळंच. एकीकडे ऑलिम्पस म्यू (१९९१) आणि म्यू २ (१९९७): गुळगुळीत, हलके, प्लास्टिकचे, ३५ मिमीची उत्तम लेन्स, आणि सगळ्यांना परवडणारे. दुसरीकडे श्रीमंती थाट: टायटॅनियमचा कॉन्टॅक्स टी२ (१९९०), निकॉन ३५टीआय (१९९३), मॅग्नेशियमचा रिको जीआर१ (१९९६). या काळातल्या लेन्स अप्रतिम होत्या, यात वाद नाही. पण दोन्ही टोकांचे कॅमेरे चालतात ते त्या एकाच मॉडेलसाठी बनवलेल्या चिप आणि कागदासारख्या पातळ पट्टी-तारांवर. कॉन्टॅक्स बनवणाऱ्या क्योसेराने २००५ मध्ये ते काम थांबवल्याचं जाहीर केलं, कोनिका मिनोल्टा २००६ मध्ये कॅमेऱ्यांतूनच बाहेर पडली. सुटे भाग बनणं बंद झालं. आज यातला एखादा दुरुस्त करायचा तर तसाच दुसरा मेलेला कॅमेरा शोधून त्याचा भाग काढावा लागतो.

आणि नेमक्या याच कॅमेऱ्यांच्या किमती सर्वांत जास्त चढल्या. २०१७ मध्ये अमेरिकी मॉडेल केंडल जेनर टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात कॉन्टॅक्स टी२ घेऊन आली आणि त्याची मागणी आणखी वाढली. किंमत प्रसिद्धीमागे गेली, आयुष्यमानाचा तिच्याशी संबंध उरला नाही. इतका पैसा घालणाऱ्याने निदान बॅटरी घालून झाकण चार-पाचदा उघडावं, लेन्स बाहेर येताना अडखळते का ऐकावं, फ्लॅश भरतो का, वरचा आकड्यांचा पडदा पूर्ण दिसतो का, मोटर रोल शेवटपर्यंत गुंडाळते का, हे पाहावं. ‘तपासलेला नाही’ असं लिहून विकायला ठेवलेला १९९० च्या दशकातला कॅमेरा मी बंदच आहे असं धरून चालतो.

२०२४ मध्ये पेंटॅक्स १७ हा नवा फिल्म कॅमेरा आला. अर्धी चौकट, हाताने ओढायचा लीव्हर, चिन्हं पाहून लावायचा फोकस: तिन्ही गोष्टी पेनच्या काळातल्या. त्याच वर्षीच्या रोलाय ३५एएफमध्ये ऑटोफोकस आहे, पण फिल्म हातानेच सरकवायची. मोटर, ऑटोफोकस आणि म्यू २ चा छोटेपणा एकत्र हवा असेल तर आजही जुन्या बाजारातच शोधावं लागतं. तिथे खरेदी करताना एक रोल काढून, धुऊन, पाहून होईपर्यंत परत करण्याची मुदत आधीच मागून घ्यावी.