जत्रेतील पाळणायंत्रांचे स्थलांतर (विदर्भ)

माणसे बसवून फिरवण्याची मोठी यंत्रे सुटी करून दुसऱ्या गावी नेणे व तेथे पुन्हा उभारणे. विदर्भाच्या ग्रामीण भागात आकाशपाळणा, नावेचा झोका, ब्रेक डान्स, ड्रॅगन गाडी ही यंत्रे जत्रांबरोबर हिंडतात. परदेशांत एका उद्यानातील रोलर कोस्टर उचलून दुसऱ्या उद्यानात नेतात, ते कामही याच जातीचे. तेव्हा त्याचाही येथे विचार केला आहे.

उगम : आडव्या आसाभोवती फिरणारे उभे चक्र आणि त्याला टांगलेले पाळणे ही रचना प्रथम कोठे झाली याविषयी एकमत नाही. इटालियन प्रवासी प्येत्रो देल्ला व्हाल्ले याने १६१५ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे आणि इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने १६२० मध्ये फिलिपोपोलिस (आता बल्गेरियातील प्लॉव्हडिव्ह) येथे अशी चक्रे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. ही दोन्ही शहरे तेव्हा ऑटोमन (तुर्की) साम्राज्यात होती, त्यावरून तिचा उगम ऑटोमन प्रदेशात मानण्याचा प्रघात पडला. परंतु एखाद्या वस्तूचा जुना उल्लेख जेथे सापडतो तेथेच ती घडली असे धरता येत नाही. विहिरीवरच्या रहाटापासून पाळणा निघाला, असेही एक मत आहे. दोहोंचे बाह्य साम्य उघड असले तरी रहाटाची भरलेली बाजू जड व रिकामी बाजू हलकीच असते, तर पाळण्यात समोरासमोरचा भार सतत तोलून धरावा लागतो. यंत्र म्हणून हा भेद लहान नाही. निरनिराळ्या प्रदेशांत ही रचना स्वतंत्रपणे झाली असावी, हे मत त्यामानाने अधिक ग्राह्य वाटते. विदर्भातील चार पाळण्यांचा, हाताने ढकलून फिरवायचा लाकडी रहाटपाळणा विजेवरच्या पाळण्याहून जुना आहे. छोट्या जत्रांत त्याचीच लोखंडी रूपे दिसतात.

प्रचंड चक्रही हलवता येते हे शिकागोत दिसून आले. तेथील १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी जॉर्ज फेरिस याने उभारलेले चक्र सुमारे ८० मी. उंच होते. त्याला ३६ डबे होते, एकेका डब्यात ६० माणसे मावत आणि नुसत्या आसाचे वजन ४० टनांच्या आसपास होते. ते १८९५ मध्ये शहराच्या उत्तर भागात व १९०४ मध्ये सेंट लुईसच्या प्रदर्शनात पुन्हा उभे राहिले. १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आले. मात्र हे चक्र हलवण्यासाठी घडवलेले नव्हते. विल्यम सुलिव्हन याने १९०० मध्ये इलिनॉय राज्यातील जॅक्सनव्हिल येथे प्रथम चालवलेले ४५ फूट उंच, १२ आसनांचे चक्र मात्र सुटे करून नेण्याच्या हेतूनेच आखले होते. विदर्भातील जत्रांत येणारे पाळणे फेरिसच्या नव्हे, तर सुलिव्हनच्या परंपरेतले होत. हा फरक अनेक वर्णनांत पुसला जातो.

रोलर कोस्टरचे स्थलांतर : येथेही तेच दोन प्रकार आढळतात. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील ‘रॉकेट’ हा लाकडी कोस्टर १९८० मध्ये उद्यान बंद पडल्यावर तसाच उभा होता. तो उतरवून पेनसिल्व्हेनियातील कनोबेल्स उद्यानात नेण्यात आला व १९८५ मध्ये ‘फिनिक्स’ या नावाने सुरू झाला. मूळ नकाशे हाती नसल्याने उतरवतानाच तुकड्यातुकड्यावर क्रमांक घालून त्यांची नोंद ठेवावी लागली. उलट जर्मन अभियंता आंटोन श्वार्ट्सकोफ याने हिंडते कोस्टरही घडवले. पाच उभ्या वेढ्यांचा ‘ओलिंपिया लूपिंग’ (१९८९, उंची ३२.५ मी.) त्यांतला प्रसिद्ध होय. श्वार्ट्सकोफचाच ‘ड्रायर लूपिंग’ (१९८४) जर्मन जत्रांतून मलेशिया व इंग्लंडमार्गे मेक्सिको सिटीत पोहोचला. तेथे २८ सप्टेंबर २०१९ रोजी त्याचा डबा रुळावरून निसटून दोघांचा मृत्यू झाला. सुटे करून जोडता येणारे यंत्र कितीही वेळा जोडता येते, हा समज घातक आहे. प्रत्येक हलवणीत सांध्यांची छिद्रे झिजतात, रूळ किंचित वाकतो आणि जोडाजवळ सूक्ष्म चिरा पडू शकतात. म्हणून कोस्टर नव्या जागी नेताना काँक्रीटचे पाये नव्याने घालतात, खांबांची लांबी नव्या जमिनीनुसार जुळवून घेतात, बोल्ट नवे वापरतात आणि जोडांची श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या) ध्वनिलहरींनी किंवा चुंबकीय भुकटीने तपासणी करतात. या कामाला महिने लागतात.

विदर्भात जत्रेबरोबर खरा कोस्टर येत नाही, त्याचे एक कारण हेच. ड्रॅगन गाडी त्याची जवळची नातेवाईक असली तरी ती चढउतारावर मोटारीच्या बळानेच चालते. कोस्टर चढावरून सुटल्यावर केवळ गुरुत्वाकर्षणावर धावतो. किती मोठे यंत्र आणायचे हे जत्रेचा मुक्काम ठरवतो. उभारणी व उतरवणीला जितके दिवस लागतात त्याच्या कितीतरी पट दिवस धंदा झाला तरच वाहतूक परवडते. दिवाळीनंतर झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) गावोगाव भरणाऱ्या मंडया एखाद-दुसऱ्या दिवसाच्या, म्हणून तेथे लहान, हातपाळण्यासारखी यंत्रेच शोभतात. सातपुड्याच्या पायथ्याची बहिरमची यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन महिन्याहून अधिक चालते. अशा ठिकाणी उंच आकाशपाळणा उभा करणे परवडते.

जमीन व उभारणी : या विषयाचा गाभा जमीन आहे, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले गेले आहे. वऱ्हाडातील काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातील चिकणखनिजे असतात. ही माती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसून खोल भेगा पडतात. जत्रांचा हंगाम कार्तिक ते चैत्र, म्हणजे माती वाळत जाण्याचा काळ. वरून टणक वाटणारी ही जमीन आत पोकळ भेगांनी भरलेली असू शकते. त्यात माघ-फाल्गुनात अवकाळी पाऊस झाला की एका रात्रीत तिची ताकद उतरते. पाळण्याचा एक पाय जरी खचला तरी आस तिरपा होतो, धारवांवर (बेअरिंगांवर) एकांगी भार येतो आणि चक्र डोलू लागते. यावर उपाय जुनेच आहेत. जागेवर मुरूम टाकून दाबणे, पायाच्या तुळयांखाली जाड लाकडी स्लीपर आडवेतिडवे रचणे, भोवती चर खणून पाणी बाहेर काढणे, आणि पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने चारही कोपऱ्यांची पातळी रोज तपासणे. स्लीपरचे क्षेत्रफळ दुप्पट केले की जमिनीवरचा दाब निम्मा होतो. म्हणून लाकडात केलेली काटकसर येथे महागात पडते. पूर्वेकडे मार्कंडा येथे वैनगंगेच्या काठाला वाळूचा प्रश्न असतो. वाळू फुगत नाही, पण पायाच्या कडेने निसटते. तेथे ताणाच्या तारांचे खुंट अधिक खोल व अधिक रुंद पट्टीचे लागतात.

उभारणीचा क्रम साधारणतः ठरलेला असतो. आधी तळाची चौकट, मग दोन्ही बाजूंचे मनोरे, त्यांवर आस, नंतर आरे समोरासमोरच्या जोड्यांनी, शेवटी परीघ व पाळणे. आरे एकाच बाजूने लावत गेल्यास अर्धवट चक्र जड बाजूला एकदम फिरते व कामगार त्यात सापडतो. सांध्यातील खिळीला मागे अडकवण पिन हवीच. तिच्या जागी तारेचा पीळ देणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. त्यानंतर रिकामे चक्र व मग वाळूची पोती ठेवून भारासह फिरवून पाहिल्यावरच माणसे बसवावीत. प्रवासी भरतानाही समोरासमोरचे पाळणे आलटून पालटून भरले पाहिजेत.

हंगाम : जत्रांचा क्रम पंचांगावर चालतो. झाडीपट्टीतील मंडया, कार्तिकात रामटेक व कौंडण्यपूर, पौषात बहिरम, माघात चिमूरची घोडायात्रा, महाशिवरात्रीला मार्कंडा, प्रतापगड (गोंदिया जिल्हा) व सालबर्डी, होळीच्या सुमारास सैलानी, चैत्रात चंद्रपूरची महाकाली व रामनवमीला पोहरादेवी. महाशिवरात्रीच्या यात्रा एकाच दिवशी पडत असल्याने त्यांतली एकच निवडावी लागते. जागा बहुधा गायरान, वऱ्हाडात ई-क्लास म्हणतात ती, किंवा पीक निघालेली शेते.

परवाने : ग्रामपंचायत व पोलीस यांची परवानगी आणि तात्पुरती वीजजोडणी घ्यावी लागते. युरोपात ईएन १३८१४ या मानकानुसार प्रत्येक यंत्राची नोंदवही यंत्राबरोबर हिंडते. कोठे उभारले, कोणता भाग बदलला, कोणी तपासले हे तीत लिहिलेले असते. गावोगाव हिंडणाऱ्या पाळण्याला अशा वहीची गरज उद्यानातल्या कोस्टरहून अधिक आहे. पावसाळ्यात यंत्रे बंद असतात, तेव्हा जोडांवरचा रंग पूर्ण खरवडून तपासणी करावी. जुन्या रंगावर नवा रंग चढवल्यास चिरा झाकल्या जातात.