बुजत नाही तो घोडा आणि ऐकतो तो घोडा

अकलूजच्या घोडेबाजारात घोडं दाखवणारा एक खेळ हमखास करतो. घोड्याच्या पोटाखालून वाकून जातो, शेपटीशी उभा राहतो, कानाजवळ उपरणं झटकतो. "बघा मालक, हलत नाय!" गिऱ्हाईक खूश. मीही एकदा असाच खूश होऊन घोडा घेतला. सोलापूरला आणल्यावर कळलं, की तो खरंच हलत नाही. टाच मारली तरी नाही.

न बुजणं आणि ऐकणं हे दोन गुण आपण एकाच पोत्यात भरतो. वर्किंग इक्विटेशन या घोडेस्वारीच्या खेळातल्या अडथळ्यांवर ते पोतं फाटतं. पोर्तुगाल, स्पेन, इटली, फ्रान्स इथले गुराखी घोड्यावरून जी कामं करायचे, त्यांतून हा खेळ आला. पहिली युरोपीय स्पर्धा १९९६ साली इटलीत झाली. शेताचं फाटक, लाकडी पूल, ड्रमांमधून वळणं, खांबांमधली नागमोडी, जमिनीवरच्या दांड्यावरून आडवं चालणं, लांब काठीने कडी टिपणं असे अडथळे. एका फेरीत प्रत्येक अडथळ्याला सफाईचे गुण, तर दुसरीत घड्याळ.

न बुजणारा घोडा म्हणजे काय, हे सोलापूर जिल्ह्याला सांगायला नको. खुडूसला नाहीतर वाखरीला रिंगण पाहिलेल्याने माउलींचा अश्व पाहिलाय: पाठीवर स्वार नाही, भोवती टाळ-मृदंग आणि माणसांचा सागर, तरी तो आपल्या वाटेने धावतो. वरातीची घोडीही बँड आणि फटाके पचवते. म्हणून तिला उद्या फाटकाशी नेलं, तर ती शांतपणे उभी राहील आणि तिथेच उभी राहील. मागचा पाय एक पाऊल डावीकडे टाक, हे तिला कुणी शिकवलेलंच नाही.

दोन्ही शिकवण्या मुळातच उलट आहेत. पहिलीत आपण सांगतो, याकडे दुर्लक्ष कर. दुसरीत सांगतो, याकडे अजिबात दुर्लक्ष करू नकोस. तारेवर सोलापुरी चादर वाळत घातली आणि वाऱ्याने फडफडली, की घोडा उधळतो. मग आपण चादर हातात घेऊन लांबूनच संथ हलवत राहायची. तो थांबला, मान खाली घातली, तोंड चघळायला लागला, की त्या क्षणी चादर खाली. उडी मारत असताना थांबवलीत, तर उडी मारली की चादर जाते, एवढंच तो शिकतो. टाचेचं गणित याच्या बरोबर विरुद्ध. पायाचा दाब हलकाच द्यायचा आणि पाऊल पडताक्षणी सोडायचा. पाऊल पडल्यावरही दाबत राहिलात, की टाच म्हणजे पोटावरची माशी. स्थिर झाल्यावर सुटका आणि हलल्यावर सुटका, घोळ होतो तो इथेच.

पुलावर हा घोळ रोज दिसतो. घोडा फळीसमोर थबकतो. फळीवर टाप पडली की पोकळ आवाज येतो, आणि कपाळाच्या अगदी पुढ्यातलं त्याला दिसत नाही. मान खाली घालून हुंगू दिलं तर कळेल. पण वर बसलेला स्वार टाचांचा तबला वाजवत बसतो. भीती तशीच राहते, टाच मात्र बोथट होते. पूल जिंकायच्या नादात दोन महिने शिकवलेली टाच घालवलेली. त्यापेक्षा खाली उतरावं. जुनं जाड दार जमिनीवर सपाट टाकावं आणि दोर धरून बरोबर चालावं: आधी एक पाय, मग माघार, मग दोन पाय. भीती गेली की मगच खोगिरावरून, आणि तेव्हा टाच एकदाच.

उलटाही नमुना असतो. सरावाच्या मैदानात नाजूक इशाऱ्यावर आडवा चालणारा घोडा निळा ड्रम दिसला की फुरफुरतो. पाणी साठवायचे हे ड्रम सोलापुरात घरोघरी, त्यामुळे सरावाचा खर्च नाही. पण डाव्या बाजूने ओळखीचा झालेला ड्रम उजवीकडून आला की पुन्हा परका वाटू शकतो. सराव दोन्ही बाजूंनी करा. आणि एप्रिल-मेमध्ये उजाडायच्या आत.

फाटकाला दोन्ही गुण लागतात. अंगाला समांतर उभं राहायचं, हाताने उघडायचं, आत जायचं, वळून मागे सरकायचं, बंद करायचं; आणि या सगळ्यात फाटकावरचा हात सुटता कामा नये. दोन बांबूंमध्ये सुतळी बांधून सराव करा. नायलॉनची दोरी नको, घोडा अडकला तर ती तुटत नाही.

स्वाराचीही अशीच दुहेरी तयारी हवी. भीती नसलेले स्वार आमच्याकडे ढिगाने. पण फाटकाकडे हात लांबवला की मांड एका अंगाला सरकते, पलीकडची टाच नकळत पोटात रुतते आणि घोडा निमूटपणे बाजूला सरतो. त्याने ऐकलंच होतं, ओरडा मात्र त्याला. उभ्या घोड्यावरून खांबावरचा पेला उचलून पुन्हा तिथेच ठेवायचा, लगाम दुसऱ्या हातात, पाय जागच्या जागी. हे वीस वेळा जमलं की फाटक.

राहिली उडी. तिकडे युरोपात ती गवताच्या गठ्ठ्यांवरून मारतात. आम्ही मालदांडी ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या रचल्या. घोडा बुजला नाही, टाचेला पुढेही आला; मग थांबला आणि वरची पेंढी ओढून खायला लागला.