आधार वेगळा, सूट वेगळी

"त्याला मोबाईलवरून प्रश्न ऐकवायचा, मग परीक्षेला अर्थ काय उरला?" शिक्षकांच्या खोलीत वाचताना अडखळणाऱ्या एखाद्या मुलाबद्दल हे वाक्य महिन्यातून चारदा तरी ऐकू येतं. गंमत म्हणजे तेच शिक्षक दुसऱ्या दिवशी त्याच मुलाच्या पेपरातले 'कारणे द्या' गाळतात आणि नुसत्या जोड्या लावायला देतात. दोन्हींना शब्द एकच, 'सवलत'. या शब्दानं फार घोळ घातला आहे.

सूट म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे: कमी प्रश्न, सोपे प्रश्न, नाहीतर विषयच वगळायचा. बौद्धिक अक्षमता असलेल्या काही मुलांना ती लागतेच, त्यावर माझा वाद नाही. आधारात प्रश्न तोच राहतो, फक्त तिथवर पोचायची वाट बदलते. लेखनिक, म्हणजे सांगितलेलं उत्तर लिहून देणारा मदतनीस, घेणाऱ्याला परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, तोही आधारच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितातली अडचण, आहे, त्यामुळे हे सगळं 'लाड' म्हणणाऱ्यांशी मी हुज्जत घालत नाही.

खरी गफलत होते ती पुढे. आधार की सूट, हे साधनावरून ठरत नाही. त्या तासाला आपण काय शिकवतोय किंवा तपासतोय, त्यावरून ठरतं.

चौथीतला एक मुलगा. वाचताना जोडाक्षर आलं की अडायचा, म्हणून इतिहासाच्या पेपरात त्याला रिकाम्या जागा भरायला मिळायच्या. एकदा प्रतापगडाचा धडा फोनवर लावून दिला. एका कानात इअरफोन, बोट पुस्तकातल्या ओळीवर. 'जावळी' आलं तसं त्यानं थांबवलं, मागे नेलं, तीनदा ऐकलं. मग मी विचारलं, महाराजांनी अफजलखानाला तिथंच का येऊ दिलं? म्हणाला, "बाई, तिथं झाडी दाट. खानाचं एवढं लष्कर वळणार कसं?" हा प्रश्न तोवर त्याच्या पेपरात कधी आलाच नव्हता! उत्तर देऊन झाल्यावर बाकीच्यांनी ऐकलं का, ते त्यानं मान वळवून पाहिलं.

इतिहासाच्या तासाला तो फोन आधार होता. मराठीच्या वाचनाच्या तासाला तोच फोन वाचून दाखवू लागला तर ती सूट, कारण तिथं वाचणं हेच काम आहे. क्षेत्रफळ शिकताना कॅल्क्युलेटर खुशाल द्या, पाढ्यांच्या तासाला कपाटात ठेवा. निबंधाला बोलून टाईप करू द्या, पण श्रुतलेखनाला नको: ऱ्हस्व-दीर्घ फोनच लावणार, मग मुलाचं काय तपासलं?

मुलाला हा फरक आपल्याआधी कळतो. शेजारच्याला दहा प्रश्न आणि आपल्याला सहा, हे तो पेपर हातात पडताच मोजतो. मग त्या सहापैकी सहा बरोबर आले तरी त्याला त्याचं काही वाटत नाही. प्रत्येक टिचकीला टाळ्या वाजवणारी अभ्यासाची ॲप्स मला म्हणूनच आवडत नाहीत. त्यापेक्षा फोनमधली मजकूर वाचून दाखवायची फुकट सोय बरी.

दोन गोष्टी मात्र आदल्या दिवशी बघून ठेवा. पीडीएफ श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली असेल तर फोन अगम्य काहीतरी बडबडतो. अशा वेळी पानाचा फोटो काढून गूगल लेन्सनं मजकूर उचलावा. आणि इअरफोन एकट्यालाच देऊ नका, एकट्याला दिलेला इअरफोन दुसऱ्या दिवशी दप्तराच्या तळाशी सापडतो. मी तीन जोड टेबलावर ठेवते, ज्याला हवा त्यानं घ्यावा. पहिल्या आठवड्यात वर्गातल्या हुशार मुलीनंच एक उचलला, आणि माझं काम हलकं झालं.