लसीचे संरक्षण : सुरू होण्यास लागणारा काळ

महासाथीच्या विषाणूविरुद्ध लस टोचल्यापासून शरीरात उपयोगी पडेल इतकी प्रतिकारशक्ती तयार होईपर्यंत जाणारा काळ. कोविड-१९च्या दोन डोसांच्या लशींमध्ये पहिल्या डोसनंतर साधारण दोन आठवड्यांनी काही प्रमाणात संरक्षण दिसू लागते आणि दुसऱ्या डोसनंतर एक ते दोन आठवड्यांत ते भरीव होते. मुंबईत २०२१ साली हाच हिशेब लोकलच्या पासाला जोडला गेला आणि एरवी डॉक्टरांपुरता राहिला असता असा ‘१४ दिवस’ हा आकडा तिकीट खिडकीवर येऊन पोहोचला.

लस घेतल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत दंड दुखतो, अंग मोडून येते, कधी ताप चढतो. ही जन्मजात प्रतिकारयंत्रणेची हालचाल असते. ताप आला म्हणजे संरक्षण मिळाले असे नाही, आणि नाही आला म्हणून लस ‘लागली नाही’ असेही नाही. याच सुमारास काही पेशी विषाणूच्या प्रथिनाचे तुकडे काखेतल्या लसीका गाठींपर्यंत (प्रतिकारपेशींच्या ठाण्यांपर्यंत) नेतात. त्या तुकड्यांना नेमक्या जुळणाऱ्या टी आणि बी या प्रतिकारपेशी शरीरात मोजक्याच असतात. त्या दुणावत पुरेशा संख्येला पोहोचेपर्यंत आठवडा सहज जातो. रक्तात प्रतिपिंडे (विषाणूला पकडणारी प्रथिने, अँटिबॉडीज) ठळकपणे दिसू लागतात ती दुसऱ्या आठवड्यात. ही सुरुवातीची प्रतिपिंडे विषाणूला सैलसर धरतात. त्यांतून घट्ट पकडणारी निवडण्याचे काम गाठींमध्ये पुढे कित्येक आठवडे चालते. दुसरा डोस लांबवण्यामागचे कारण बऱ्याच अंशी हेच. तोवर विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी तयार झालेल्या असतात आणि त्यांना कामाला लागायला पहिल्याइतका वेळ लागत नाही.

फायझर लशीच्या चाचणीत खरी लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांच्या रुग्णसंख्येचे आलेख पहिल्या डोसनंतर सुमारे १२ दिवस जवळजवळ एकाच वाटेने चढतात. त्यानंतर लस घेतलेल्यांची रेष आडवी होऊ लागते. या लशीच्या परिणामकारकतेचा गाजलेला ९५ टक्के हा आकडा मात्र दुसऱ्या डोसनंतर ७ दिवस उलटल्यावरचा आहे. मॉडर्ना आणि अ‍ॅस्ट्राझेनेका यांनी मोजणी १४ दिवसांनंतर सुरू केली. सात की चौदा हा फरक म्हणजे पुष्कळसा मोजणी कुठून धरायची याचा ठराव. चौदाव्या दिवशी शरीरात एकाएकी काही घडत नाही. संरक्षण चढत जाते, आणि तेही कशापासून, हा प्रश्न उरतोच. संसर्ग टाळण्यापेक्षा गंभीर आजार आणि मृत्यू टाळण्यात या लशी जास्त टिकाऊ ठरल्या.

भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी कोविशील्ड (अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लशीचे भारतातील नाव) आणि कोव्हॅक्सिन या लशींनी सुरू झाले. कोविशील्डच्या दोन डोसांतील अंतर सुरुवातीला ४ ते ६ आठवडे होते. मार्चमध्ये ते ६ ते ८ आणि १३ मे रोजी १२ ते १६ आठवडे झाले. अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या चाचण्यांत अंतर ६ आठवड्यांपेक्षा कमी असताना परिणामकारकता सुमारे ५५ टक्के, तर १२ आठवडे किंवा अधिक असताना सुमारे ८१ टक्के आढळली होती. पण तोवर विषाणूचा डेल्टा हा नवा प्रकार पसरला होता. त्याच्याविरुद्ध एकाच डोसची परिणामकारकता ब्रिटनमधील पाहणीत जेमतेम ३० टक्के भरली. लांबवलेले अंतर दूरवरचा विचार केला तर फायद्याचे, पण मधल्या तीन महिन्यांत माणूस अर्ध्या संरक्षणावर फिरणार, असा हा पेच होता.

मुंबईकरांना तो फार व्यावहारिक रूपात भेटला. दुसरा डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकलमध्ये परवानगी मिळाली. स्टेशनाबाहेर पालिकेचे कर्मचारी अंतिम प्रमाणपत्र आणि ओळखपत्र ताडून त्यांवर शिक्का मारत. तो दाखवला की खिडकीवर मासिक पास मिळे. आता हिशेब पाहा. १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण १ मे रोजी सुरू झाले. कोविशील्डचे किमान ८४ दिवस आणि वर १४ दिवस धरले तर ९ मेपर्यंत पहिला डोस मिळालेलाच तरुण १५ ऑगस्टला गाडीत चढू शकत होता. त्या दिवसांत लशींचा तुटवडा होता आणि कोविन या सरकारी नोंदणी संकेतस्थळावरचे स्लॉट बघता बघता संपत. नियम वैद्यकीय आधारावर बेतलेला होता खरा, पण कामावर जाणाऱ्या तरुणांपैकी बहुतेकांना त्याने बाहेरच ठेवले.

आधी संसर्ग होऊन गेलेल्यांचे गणित निराळे. जुलै २०२० मधील पाहणीत मुंबईच्या तीन वॉर्डांतील झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात, तर इतर वस्त्यांत सुमारे १६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली होती. अशा व्यक्तींमध्ये पहिलाच डोस दुसऱ्यासारखा काम करतो आणि प्रतिपिंडे आठवडाभरात झपाट्याने वाढतात. लोकलच्या नियमात या फरकाला जागा नव्हती.

लस घेताना विषाणू आधीच शरीरात शिरलेला असला तर काय होते, हे रोगाच्या अधिशयन काळावर, म्हणजे संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळावर, ठरते. कोविडचा हा काळ सुरुवातीच्या प्रकारांत सरासरी पाचेक दिवसांचा, त्यामुळे लस मागे पडते. ‘लस घेतली आणि चौथ्या दिवशी कोविड झाला’ या तक्रारीचा उलगडा बहुधा इथेच होतो. देवीच्या रोगात मात्र संपर्कानंतर तीन-चार दिवसांत टोचले तरी आजार टळू शकत असे. भारतातील देवीची पहिली नोंदलेली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईतच अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली.

महासाथीत या दिवसांच्या आधीचा एक काळ धरावा लागतो, तो लस तयार होण्याचा. २००९च्या स्वाइन फ्लूवरील लशीचा एकच डोस प्रौढांना पुरत असे आणि चाचण्यांत तीन आठवड्यांत बहुतेकांच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडे दिसली. पण महासाथ जून २००९ मध्ये जाहीर झाली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारण्याची लस जुलै २०१० मध्ये आली आणि १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ संपल्याचे जाहीर केले.