सर्व्हिसिंग झालंय, पण गाडी बघितलीय का?

सर्व्हिसिंगहून आलेली गाडी दोन दिवस नवीच वाटते. माझीही तशीच आली होती, धुऊन-पुसून चकचकीत. तीन आठवड्यांनी पुढच्या डाव्या चाकातून घरघर सुरू झाली. वेग वाढला की आवाज वाढायचा, उजवीकडे वळताना तर जास्तच. तणतणत गॅरेजात गेले आणि म्हटलं, "दादा, आत्ताच तर सगळं बघून दिलं होतंत ना?"

मेकॅनिकने शांतपणे जॉब कार्ड काढून पुढ्यात ठेवलं. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेकची सफाई, कूलंट, टायरची हवा. "यात बेअरिंग कुठे आहे ताई?"

चाक ज्यावर फिरतं ते बेअरिंग यादीत नव्हतंच. मी सर्व्हिसिंग सांगितलं होतं, त्यांनी सर्व्हिसिंग केलं. गाडी तपासा असं मी म्हटलंच नव्हतं, कारण तोवर मला दोन्ही एकच वाटायचं.

सर्व्हिसिंग म्हणजे वेळापत्रकातलं काम. अमुक किलोमीटर झाले किंवा अमुक महिने झाले, जे आधी होईल ते, की ठरलेल्या वस्तू बदलायच्या. वेळापत्रक कंपनीने त्या मॉडेलसाठी काढलेलं असतं. एकच मॉडेल, तेवढेच किलोमीटर. पण एक गाडी हायवेवर पळालेली आणि दुसरी खड्ड्यांतून रोज दोन-दोन किलोमीटर रखडलेली. वापर जास्त कष्टाचा असेल तर ऑइल लवकर बदला, एवढं पुस्तकात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं; बाकी दोघींचं सर्व्हिसिंग सारखंच. तपासणीत मात्र या दोन गाड्यांबद्दल दोन वेगळ्या गोष्टी ऐकायला मिळतील. तपासणीत काहीच बदललं जात नाही. घरी येताना हातात असतं ते फक्त मेकॅनिकचं मत. म्हणूनच बहुतेकांना तिचे पैसे द्यायला जिवावर येतं.

गोंधळ होतो, कारण सर्व्हिसिंगच्या कार्डावरही 'चेक केले' असे टिकमार्क असतात. पण ते चेकिंग बहुधा पातळीचं असतं. कूलंट कमी दिसलं, भरलं, टिक केली. तपासणी करणारा विचारतो, गेलं कुठे? इंजिन थंड ठेवणाऱ्या या कूलंटचं चक्र बंदिस्त असतं, ते ऑइलसारखं ठरावीक काळाने बदलावं लागलं तरी असं उडून जायला नको. मग तो होजची टोकं, रेडिएटर, वॉटर पंपाखालचे सुकलेले डाग बघतो. बाहेर काहीच सापडलं नाही तर ते इंजिनात जात असेल. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का, इंजिन तापल्यावरही तो थांबत नाही का, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय धरलीय का, हे पाहावं लागतं. (नुसती साय दिसली म्हणून घाबरू नका. थंड हवेत आणि सतत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत साध्या ओलाव्यानेही ती धरते.)

ब्रेक ऑइलचं तर गमतीचं आहे. ब्रेक पॅड झिजत जातात तसे कॅलिपरचे (पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर येतात आणि टाकीतली पातळी हळूहळू उतरते. म्हणजे उतरलेली पातळी ही पॅड संपत आल्याची खूण असू शकते. कुणी कर्तव्यदक्षपणे ती भरून ठेवली की खूण पुसली गेली. शिवाय नंतर नवे पॅड बसवताना पिस्टन आत दाबले की जादा ऑइल टाकीबाहेर उतू जातं आणि पेंट खातं. हे ऑइल हवेतला ओलावाही शोषून घेतं. कोरडं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी सुमारे ३.७ टक्के मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. घाट उतरताना ब्रेक तापून ऑइल उकळतं, वाफ होते आणि पेडल एकदम पोकळ लागतो, त्यामागे हे एक कारण असतं, आणि टाकीतली पातळी बघून ते कळत नाही.

माझ्या चाकाकडे परत येते, कारण तपासणी म्हणजे काय ते मला तिथे दिसलं. त्याने गाडी रॅम्पवर चढवली, चाक बाराच्या आणि सहाच्या काट्यावर धरून हलवलं. बारीकसा 'टक' आवाज आला. मग तीन आणि नऊवर धरून हलवलं, तिथे काही नाही. तिथेच हाललं असतं तर टाय रॉडवर (चाक वळवणाऱ्या दांडीवर) पहिला संशय. मग पोऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा बारा-सहा. आता टक नाही! ब्रेक दाबल्यावर प्ले, म्हणजे हा ढिलेपणा, नाहीसा झाला तर दोष बेअरिंगमध्ये. तसाच राहिला तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) बघायचा. शेवटी म्हणाला, "ताई, स्प्रिंगवर बोटं ठेवा," आणि चाक हाताने फिरवलं. स्प्रिंगमधून वाळू दळल्यासारखी खरखर बोटांना लागली. दुसऱ्या बाजूच्या स्प्रिंगला हात लावला तर गुळगुळीत. पाच मिनिटांचं काम, आणि त्यात पाना हातात धरावा लागला नाही.

त्याच पाच मिनिटांत टायरही बोलतात. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवून चालवलीय, मधला पट्टा झिजला तर जास्त. एकच कड खाल्ली गेली तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा खाली काहीतरी वाकलंय. ठिकठिकाणी वाट्यांसारखे खळगे पडले तर शॉकअब्सॉर्बर थकलेत. टायरच्या भिंतीवर 'DOT' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीशेवटी चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी छान खोल, पण रबर म्हातारं, असंही निघतं. सर्व्हिसिंगमध्ये या सगळ्यावर टायरांच्या जागा आपसात बदलल्या जातात आणि पुरावा चार चाकांवर विखुरतो.

तिसरी एक गोष्ट हल्ली तपासणीच्या नावाखाली खपते: स्कॅनर. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला यंत्र लावलं, कोड आले, झाली तपासणी. पण स्कॅनरला तेवढंच दिसतं जेवढं सेन्सरला दिसतं. झिजलेला बुश (सांध्यातलं रबर), फाटून ग्रीस उडवणारं ॲक्सलचं रबरी बूट, गंजलेला ब्रेक पाइप यांना सेन्सरच नाही. आणि कोड लक्षण सांगतो, कारण नाही. पी ०१७१ हा कोड म्हणजे इंजिनातल्या मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. तो वाचून ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळं होणारे असतात. प्रत्यक्षात एखादा चिरलेला होज हवा ओढत असतो. यंत्र जरूर लावावं, पण गाडीखाली शिरून बघणाऱ्या माणसाच्या जोडीला.

तयारीही दोन्हींची उलटी. सर्व्हिसिंगला गाडी धुतली की बरं वाटतं. तपासणीला मात्र न धुता न्या. इंजिनावरची धूळ आणि तेलकट डाग गळती कुठून सुरू होते ते दाखवतात, ते फवाऱ्याने उडवलं तर मेकॅनिक काय वाचणार? जमल्यास आदल्या रात्रीच गाडी लावून या, म्हणजे सकाळी थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना तो हजर असेल. सुरू होतानाचा निळसर धूर किंवा क्षणभराची खडखड तापलेल्या इंजिनात लपून जाते. बॅटरीही रात्रभर थांबलेली बरी: भरलेली बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १४ च्या आसपास.

सांगताना "जनरल चेकअप करा" म्हणू नका, त्याचा अर्थ सर्व्हिसिंगच घेतला जातो. म्हणा, "काही बदलू नका, काही भरू नका. बघा, मला दाखवा आणि लिहून द्या." त्याच्या वेळाचे पैसे आधीच ठरवा. नाहीतर त्याची कमाई फक्त दुरुस्तीतून होणार आणि दुरुस्ती सापडणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. लिहून घेताना तीन भाग पाडून मागा: आता करायचं, पुढच्या सर्व्हिसिंगला करायचं, नुसतं लक्ष ठेवायचं. माझ्या कागदावर पहिल्यात बेअरिंग होतं आणि तिसऱ्यात मागच्या बुशांच्या बारीक चिरा. दुसरा रिकामा होता, त्यामुळे माणसावर विश्वास बसला.

दोन शब्दांतला गोंधळ सगळ्यात महाग पडतो तो जुनी गाडी घेताना. विकणारा सर्व्हिस बुक पुढे करतो, सगळे शिक्के जागच्या जागी. ते शिक्के खरे असू शकतात आणि तरीही गाडीचं नाक एकदा भिंतीवर आपटलेलं असू शकतं. शिक्का सांगतो की ऑइल वेळेवर बदललं. फेंडरच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे आहेत का, पेंटची जाडी एका दारावर १२० मायक्रॉन आणि शेजारच्या दारावर ९०० का, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर त्यावर चिखलाची रेघ (गाडी पुरात बुडाल्याची खूण) निघते का, हे त्या पुस्तकात नसतं. त्यासाठी मेकॅनिक आपला न्यावा, विकणाऱ्याच्या ओळखीतला नको. आणि पोचल्या पोचल्या, किल्ली फिरवण्याआधी, बॉनेटवर हात ठेवून बघावा. गरम लागलं तर चहा घेऊन निघावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, न सांगता थोडं लवकरच, परत यावं.