लोवेनस्टाइन आंतरराष्ट्रीय मानवाधिकार क्लिनिक

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात न्यू हेवन येथे येल विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात चालणारा, प्रत्यक्ष कामावर आधारलेला अभ्यासक्रम. त्यात विद्यार्थी अध्यापक-वकिलांच्या देखरेखीखाली मानवाधिकार संघटनांची आणि अन्यायग्रस्तांची खरी प्रकरणे हाताळतात. खटल्यांसाठी संशोधन करणे, अर्जांचे मसुदे लिहिणे, साक्षीदारांच्या मुलाखती घेणे, आंतरराष्ट्रीय समित्यांसाठी निवेदने व अहवाल तयार करणे ही कामे त्यांच्याकडे असतात आणि त्यांचे श्रेयांक पदवीत धरले जातात. अभिरूप न्यायालयाच्या, म्हणजे काल्पनिक खटल्यांच्या, स्पर्धेपेक्षा हे मुळातच वेगळे आहे. स्पर्धेतला अशील कागदावरचा असतो. तिथे युक्तिवाद फसला तर गुण जातात. इथे फसला तर एखादा माणूस कैदेत राहतो, किंवा ज्या देशातून जीव मुठीत घेऊन पळाला तिथेच परत पाठवला जातो.

डॉक्टर जसा रुग्णालयात रुग्णांसमोर घडतो, तसा वकील अशिलांसमोर घडावा, हा विचार जेरोम फ्रँक यांनी १९३३ मध्ये अमेरिकेत आग्रहाने मांडला. पुढे तेथील अनेक विधी महाविद्यालयांत क्लिनिके निघाली. ती मुख्यतः भाडेकरू, कैदी, गरीब कुटुंबे यांच्यासाठी होती. आंतरराष्ट्रीय कायदा मात्र दीर्घकाळ पुस्तकातच राहिला, कारण तो एखाद्या सामान्य माणसासाठी कोणत्या न्यायालयात वापरायचा हेच स्पष्ट नव्हते. १९८० च्या फिलार्तिगा निकालाने ही वाट उघडली. पॅराग्वेमध्ये १९७६ साली छळ करून मारलेल्या एका तरुणाच्या कुटुंबाने, छळ करणाऱ्या आणि आता न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहत असलेल्या पोलीस अधिकाऱ्यावर १७८९ च्या एका जुन्या अमेरिकी कायद्याखाली दावा लावला. सरकारी अधिकाऱ्याने केलेला छळ हा राष्ट्रांच्या कायद्याचा भंग आहे, असे अपील न्यायालयाने ठरवले आणि दावा चालवण्यास मुभा दिली.

क्लिनिकला ज्यांचे नाव आहे ते ॲलार्ड लोवेनस्टाइन (१९२९–१९८०) येलचेच विद्यार्थी. १९५९ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातील नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, गेले. तेथील कृष्णवर्णीयांच्या व्यथा टिपून त्यांनी त्या संयुक्त राष्ट्रांपुढे मांडल्या. पुढे ते अमेरिकी काँग्रेसचे सदस्य झाले. १४ मार्च १९८० रोजी न्यूयॉर्कमधील त्यांच्या कार्यालयात त्यांची हत्या झाली. त्यांच्या स्मरणार्थ येलच्या विद्यार्थ्यांनी १९८१ मध्ये मानवाधिकार प्रकल्प सुरू केला. दूरच्या देशात जाऊन ऐकणे आणि ऐकलेले योग्य व्यासपीठापर्यंत पोहोचवणे हे लोवेनस्टाइन यांचे काम होते, आणि क्लिनिकनेही तेच आपले मानले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस हॅरल्ड को आणि मायकेल रॅटनर हे क्लिनिकमध्ये शिकवत होते. को यांनी अध्यक्ष रेगन यांच्या काळात अमेरिकेच्या न्याय खात्यात काम केलेले होते, तर रॅटनर सरकारविरुद्ध खटले लढण्यात मुरलेले वकील. ही जोडी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने भाग्याचीच म्हणावी लागेल.

क्लिनिकची खरी कसोटी लागली हैतीच्या निर्वासितांच्या प्रकरणात. ३० सप्टेंबर १९९१ रोजी हैतीत लष्कराने निवडून आलेले अध्यक्ष आरिस्टिड यांना पदच्युत केले. त्यांच्या समर्थकांची कत्तल सुरू झाली आणि हजारो लोक मोडक्या होड्यांतून समुद्रात निघाले. पुढच्या सहा महिन्यांत अमेरिकी तटरक्षक दलाने ३४,००० हून अधिक लोकांना समुद्रातच अडवले. अनेकांना क्यूबातील ग्वांतानामो या अमेरिकी नाविक तळावर ठेवून त्यांच्या प्राथमिक मुलाखती घेतल्या गेल्या. ज्यांची भीती खरी वाटली त्यांना आश्रयाचा अर्ज करण्यासाठी अमेरिकेत आणले जाई. परंतु एचआयव्हीबाधितांना देशात प्रवेश नव्हता. त्यांना तळावरच ठेवून, वकील न देता, दुसरी मुलाखत घेतली जात होती. तीत नापास झालेल्याला थेट हैतीला परत जावे लागणार होते.

विद्यार्थ्यांच्या आग्रहातून मार्च १९९२ मध्ये ब्रुकलिनच्या संघीय न्यायालयात दावा दाखल झाला. एक मोठी खासगी वकिली पेढीही विनामोबदला सोबतीला आली. न्यायाधीश स्टर्लिंग जॉन्सन यांनी अंतरिम मनाई हुकूम दिला. तेवढ्यात २४ मे १९९२ रोजी अध्यक्ष (थोरले) बुश यांनी आदेश काढला, की यापुढे समुद्रात अडवलेल्यांना कोणतीही मुलाखत न घेता परत पाठवावे. त्यामुळे एकाच प्रकरणात दोन लढाया उभ्या राहिल्या. पहिली तळावर अडकलेल्यांची, दुसरी खुल्या समुद्रातून परतवल्या जाणाऱ्यांची. दुसऱ्या लढाईत मुख्य आधार होता १९५१ च्या निर्वासित कराराचे कलम ३३: जिथे जिवाला धोका आहे तिथे निर्वासिताला परत पाठवू नये. अपील न्यायालयाने जुलैमध्ये हा आदेश बेकायदा ठरवला, पण सर्वोच्च न्यायालयाने लगेच त्या निकालाला स्थगिती दिली. निवडणूक प्रचारात या धोरणावर कडक टीका करणाऱ्या क्लिंटन यांनी सत्तेवर येताना तेच धोरण चालू ठेवले. हा धक्का तळावरच्या लोकांना असह्य झाला. जानेवारी १९९३ च्या अखेरीस त्यांनी उपोषण सुरू केले. येलमध्ये विद्यार्थ्यांनी त्यांच्या पाठिंब्यासाठी आळीपाळीने उपास धरले आणि हे लोण इतर विद्यापीठांतही पसरले.

निकाल दोन लागले, तेही एकाच महिन्यात. ८ जून १९९३ रोजी न्यायाधीश जॉन्सन यांनी ग्वांतानामोतील छावणी, जिथे सुमारे ३०० एचआयव्हीबाधित व त्यांचे नातेवाईक काटेरी तारेआड ठेवले होते, ती बंद करण्याचा हुकूम दिला. छावणीतले लोक अमेरिकेत आले. त्यानंतर अवघ्या १३ दिवसांनी, २१ जूनला, सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी ठरवले की कलम ३३ चे बंधन खुल्या समुद्रात लागू होत नाही. एकटे न्यायमूर्ती ब्लॅकमन विरोधात राहिले. समुद्रातल्या लोकांचा खटला हरला. छावणीचा निकालही पूर्ण हाती राहिला नाही: सरकारने अपील करू नये याच्या बदल्यात तडजोड झाली आणि १९९४ मध्ये तो निकाल नोंदीतून रद्द झाला. अशील सुटले, पण ग्वांतानामोत अमेरिकी राज्यघटनेची हमी पोहोचते हे सांगणारा पूर्वनिर्णय उरला नाही. ही किंमत केवढी होती ते २००२ मध्ये कळले, जेव्हा त्याच तळावर दहशतवादाच्या संशयितांना आणले गेले. त्यांच्यासाठी न्यायालयात धाव घेणाऱ्यांत रॅटनर पुढे होते आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदिवानांचा दाद मागण्याचा हक्क मान्य केला. तरीही माझ्या मते १९९४ ची तडजोड योग्यच होती. आजारी माणसे तारेआड असताना वकिलाला भविष्यातल्या तत्त्वासाठी त्यांना आणखी थांबवून ठेवता येत नाही.

समुद्रावरचा हरलेला युक्तिवाद मात्र इतरत्र तरला. आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाने मार्च १९९७ मध्ये हैतीवासीयांना असे परतवणे हक्कभंग ठरवले. २०१२ मध्ये लिबियाकडे परतवलेल्या स्थलांतरितांच्या प्रकरणात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने इटलीला दोषी धरले. जहाज खुल्या समुद्रात असले तरी देशाची जबाबदारी संपत नाही, असे त्याने सांगितले.

क्लिनिकचे बरेचसे काम न्यायालयाबाहेर, कागदपत्रांत चालते. म्यानमारमधील रोहिंग्यांवरील अत्याचारांचे पुरावे वंशसंहाराच्या व्याख्येत बसतात का, याचे विश्लेषण त्याने एका मानवाधिकार संघटनेसाठी ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. सात लाखांहून अधिक लोक बांगलादेशात पळाले ते त्यानंतर दोन वर्षांनी, आणि गांबिया या आफ्रिकी देशाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात म्यानमारविरुद्ध दावा लावला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये. हार्वर्डच्या अशाच क्लिनिकने निःशस्त्रीकरणात, विशेषतः २०१७ च्या अण्वस्त्रबंदी करारातील पीडितांच्या साहाय्याच्या तरतुदींवर, मोलाचे काम केले आहे.

या पद्धतीवर गंभीर आक्षेपही आहेत. विद्यार्थी एका-दोन सत्रांत निघून जातात, प्रकरण मात्र वर्षानुवर्षे चालते. छळ सोसलेल्या व्यक्तीकडून तीच कहाणी पुन्हा पुन्हा वदवून घेणे हा नव्याने केलेला छळ ठरू शकतो. श्रीमंत देशातले विद्यापीठ गरीब देशातील लोकांच्या वतीने बोलते तेव्हा विषय कोण ठरवतो, हा प्रश्न उरतोच. चांगल्या क्लिनिकमध्ये म्हणून स्थानिक संघटनेचा शब्द अखेरचा मानतात आणि मुलाखतीचे प्रशिक्षण आधी देतात.

भारतात १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमामुळे नोंदणी नसलेल्या विद्यार्थ्याला वकीलपत्रावर सही करून न्यायालयात उभे राहता येत नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयात विधी सहाय्य केंद्र असावे लागते. महाराष्ट्रातील केंद्रांतही भर कायदेविषयक शिबिरे आणि प्राथमिक सल्ला यांवर असतो. आंतरराष्ट्रीय कायदा तिथे क्वचित पोहोचतो. वास्तविक त्याला वाव आहे. भारताने निर्वासित करार स्वीकारलेला नाही, तरी गुजरात उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये, परत न पाठवण्याचे तत्त्व राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जीविताच्या हक्कात, सामावलेले आहे, असे म्हटले. उलट ८ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जम्मूतील रोहिंग्यांची रवानगी रोखण्यास नकार दिला. विहित कार्यपद्धती पाळल्याशिवाय त्यांना पाठवू नये, एवढेच बंधन घातले.